तीन नंबरची सूचना

सर्व पेशंटना कळवण्यात येते की,

१. सोमवारपासून संध्याकाळी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडेल.
२. खोकला असलेल्यांनी तोंडावर रुमाल धरून बसावे. समोर बसलेला माणूसही आजारीच आहे.
४. रिपोर्ट दाखवायला येताना जुने रिपोर्टही आणावेत. कपाटात ठेवून त्यांचा उपयोग नाही.

आपला,
डॉक्टर

तीन नंबर कुठे गेला, हे विचारायला पहिला फोन शिंपीणबाईंचा आला. मग पेपरवाल्याचा. मग एका आजोबांचा. त्यांना वाटलं, आपल्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे आणि तेवढी तीन नंबरची सूचना वाटेत अडकली. संध्याकाळी दवाखान्यात तोच विषय. आमच्या कंपाउंडरना सगळे गोळीकाका म्हणतात. ते पुड्या बांधता बांधता सांगत होते की तीन नंबर फक्त खास पेशंटना गेलाय, तुम्हाला आला नसेल तर काय ते समजून घ्या. बाकावरून कुणीतरी म्हणालं, फी वाढवायची असणार, ऐन वेळी डॉक्टरांचा धीर झाला नाही. सगळे हसले आणि जरा सैलावून बसले.

मी काउंटरवर नावं लिहून घेत होते. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लिहिताना आकडा चुकला, तीन नंबर नव्हताच.

होता.

खोडलेलं:
३. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागले, अगदी थोडे का असेना, तर ते अंगावर काढू नये. लगेच दाखवावे.

आमच्याकडे सूचना अशा तयार होतात. दवाखाना खाली, घर वर. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं की मी औषध कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवड्याच्या सूचना लिहिते. काय सांगायचं ते मला ठाऊक असतं, कारण दिवसभर काउंटरवर मीच असते. कोण गोळ्या अर्धवट सोडतो, कोण शेजाऱ्याचं औषध आपल्या पोराला पाजतो, कोण इंजेक्शन नको म्हणून ताप लपवतो. डॉक्टर हातात लाल पेन घेऊन बसतात. नको ते खोडतात. उरलेलं मी दवाखान्याच्या फोनवर टाइप करते, एक बटण दाबते आणि सगळ्या वस्तीला एकदम जातं. खाली ‘आपला, डॉक्टर’ असतं. लोक त्या सूचना नातेवाइकांना पाठवतात, बाकावर मोठ्याने वाचतात, आणि मलाच सांगतात की डॉक्टर किती आपुलकीने लिहितात. मी म्हणते, हो ना.

लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. एकही परीक्षा न देता मिळालेली ही पदवी आहे.

खोडलेल्या ओळीनंतर आकडे सरळ करून घ्यायचं काम माझं. इतकी वर्षं केलं. त्या रविवारी हात उचलला नाही. कागदावर जसं उरलं होतं तसंच टाइप केलं, एक, दोन, चार.

तीन नंबर खोडताना त्यांनी कारणंही दिली होती. याने बायकांची रांग लागेल. तपासणार कोण, आपल्याकडे बाई डॉक्टर नाही. शिवाय हे सगळं पुरुषांच्या फोनवरही जातं, तिथे असलं काही बरं दिसत नाही. पेन फिरवलं, टोपण लावलं आणि चहा मागितला.

मी चहा ठेवला.

सर्व पेशंटना कळवण्यात येते की,

१. थंडी वाढली आहे. दम्याच्या पेशंटनी पहाटे फिरायला जाऊ नये.
२. कोणत्याही तक्रारीला लहान समजू नये. डॉक्टरांना सांगण्यात संकोच कसला?

ही त्याआधीची, थंडीतली सूचना. तेव्हाच मला पहिल्यांदा रक्त गेलं.

पाळी बंद होऊन मला बरीच वर्षं झाली होती. मी दोन-तीनदा बघितलं, खात्री केली आणि सकाळी त्यांना सांगायला गेले. ते दाढी करत होते. वर घरात त्यांच्याशी सरळ बोलायला तेवढीच वेळ मिळते. आरशातच बघून ते म्हणाले की होतं असं कधी कधी या वयात, बघू. मग गाल फुगवला आणि वस्तरा फिरवला.

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे विषय संपला.

त्यांचं एक तत्त्व आहे. घरच्यांना तपासायचं नाही. आपल्या माणसावर हात ठेवला की हात कापतो आणि निदान चुकतं, असं त्यांना कॉलेजात कुणीतरी शिकवलं होतं. ते बरोबरही असेल. पण मग दुसऱ्या कुणाकडे तरी न्यायला हवं, हा त्या तत्त्वाचा पुढचा भाग. तो राहून जातो. सासूबाईंना नेलं होतं मोठ्या हॉस्पिटलात. पण सासूबाईंनी हाका मारून मारून अख्खी गल्ली जागी केली होती. मी हळू बोलते.

त्याऐवजी घरात खण आहे. कंपनीची माणसं नमुन्याच्या गोळ्या ठेवून जातात, त्यांचा. डोकं दुखलं, खण. पोट बिघडलं, खण. त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मला रक्तवाढीच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, थकवा वाटत असेल तर घे म्हणाले. म्हणजे विसरले नव्हते. मी घेत राहिले. पाकीट संपलं की दुसरं. रक्त जात राहिलं आणि मी रक्तवाढीच्या गोळ्या घेत राहिले. एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर मी काउंटरवरून त्याला चार शब्द सुनावले असते.

मग स्वतः उठून दुसरीकडे का गेले नाही? गावातले सगळे डॉक्टर त्यांना ओळखतात. डॉक्टरीणबाई परक्या दवाखान्यात बाकावर बसलेली दिसली तर संध्याकाळपर्यंत आमच्या बाकावर त्याची चर्चा. नणंदेने तर लग्नातच सांगून ठेवलं होतं, डॉक्टरच्या घरात पडलीस, नशीब काढलंस, आता आयुष्यभर औषधपाण्याची चिंता नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. ज्या माणसाच्या एका शब्दावर सगळी वस्ती निर्धास्त झोपते, त्याने ‘होतं असं’ म्हटलं, तर होत असेल.

थंडी गेली. ते थांबलं नाही. तेव्हा मी तीन नंबर लिहिला.

मनात होतं की खोडता खोडता तरी ते वाचतील. वाचलं. खोडलं. वर चहा मागितला, ते सांगितलंच.

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा उकाडा सुरू झाला होता. मी पहिल्याच क्रमांकावर तीच सूचना लिहिली, उलट्यांच्या साथीच्याही वर. पेन त्या ओळीवर येऊन थांबलं.

“हे मागेही होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“मग परत का?”

“पेशंट आहे एक.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज बदलला. खाली दवाखान्यात असतो तसा झाला, हळू, सावकाश, जगात आता दुसरं काही काम नाही असा. तो आवाज मी वरच्या मजल्यावर कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. त्यांनी वय विचारलं. मी सांगितलं. पाळी कधी बंद झाली ते विचारलं. तेही सांगितलं. रक्त कधीपासून जातंय? थंडीपासून. वजन? कपडे सैल झालेत. ओटीपोटात दुखतं? दुखतं, पण उभं राहून काम केलं की, रोज नाही. सगळे प्रश्न नेमके होते. एकही फालतू नाही. मी उत्तरं देत गेले आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं.

“आणि थंडीपासून ही बाई करतेय काय?”

“रक्तवाढीच्या गोळ्या घेतेय.”

“कुठल्या गाढवाने दिल्या?”

ते कागदावर पेन आपटत होते. त्यांना खरोखर राग आला होता. म्हणाले, असल्या बायकांना काही कळत नाही आणि कळलं तरी घरचे लक्ष देत नाहीत. नवरा आहे ना तिला? मी म्हटलं, आहे. त्याला सांगितलंय का? मी म्हटलं, सांगितलंय, तो बघू म्हणाला.

“मग झोपला होता का तो?”

“नाही,” मी म्हटलं. “दाढी करत होता.”

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, घे, घे, अजून घे, असं ओरडत. त्यांनी पेनाचं टोपण शोधलं. ते कागदाखाली होतं. लावलं. मग हात पुढे करून माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि आतला रंग बघितला. जसा सगळ्यांचा बघतात. हात अजिबात कापला नाही.

“असं दाढी करताना सांगतात का?” ते म्हणाले.

त्या आठवड्यात सूचना गेल्या नाहीत.

त्यांच्या वर्गातल्या एक मॅडम आहेत, बायकांच्या डॉक्टर. त्यांना फोन झाला. दुसऱ्या खोलीतून मला ऐकू येत होतं. आधी जुन्या दिवसांचं हसणं-खिदळणं झालं, मग आवाज खाली गेला.

मॅडमच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या होत्या. मी पेशंटच्या खुर्चीत बसले, ते नातेवाइकाच्या. पण बोलले तेच. कधीपासून होतंय, असं मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं होतं.

“महिनाभर झाला असेल, फार तर,” ते म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते, त्यात गर्भाशयाचं रंगीत चित्र होतं. मी तोंड उघडलं नाही. चारचौघांत त्यांचं वाक्य खोडायचं नाही, ही काउंटरवरची सवय. पेशंटला पाच मिनिटं थांबा म्हणाले आणि तासभर लावला, तरी मी पाचच मिनिटं म्हणत आले आहे.

पडद्याआड तपासताना मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात. त्यांच्या हाताला बहुधा काही कळलं होतं.

“थंडीपासून,” मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. “नवरा डॉक्टर आहे ना तुमचा?”

“फक्त दवाखान्यात.”

त्या हसल्या नाहीत. हातमोजे काढले, बाहेर जाऊन टेबलावरचा कागद ओढला आणि आधी लिहिलेलं खोडून वर नवीन लिहिलं. डॉक्टरांनी ते पाहिलं. परत येताना गाडीत ते मॅडमचे केस किती पिकलेत यावर बोलले, मग तिथे गाडी लावायला जागा कशी मिळत नाही यावर. घराजवळच्या वळणावर म्हणाले, “महिना काय आणि थंडी काय, आता त्याने काय फरक पडतो?”

पडत होता. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आल्यावर मॅडमनी आम्हाला बोलावून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. लवकर आला असतात तर गर्भाशय काढून मोकळे झालो असतो. आता ते काढायचंच, पण गाठ आत भिंतीत शिरलेली दिसतेय, त्यामुळे नंतर किरणं द्यावी लागतील, आणि मग बघू. मॅडमही ‘बघू’ म्हणाल्या. पण त्यांनी लगेच तारीख दिली.

डॉक्टर पूर्ण वेळ मान हलवत होते, एखादं लेक्चर ऐकावं तशी.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी हॉस्पिटलात न्यायची बॅग भरत होते. टेबल पुसलं नव्हतं. त्यांनीच पुसलं, पाठकोरं पान घेतलं आणि पहिल्यांदा सूचना स्वतः लिहिल्या. खूप वेळ लिहीत होते. मग पान माझ्याकडे आणलं, बघ म्हणाले.

१. अपरिहार्य कारणामुळे पुढचा आठवडा दवाखाना बंद राहील.
२. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागल्यास अंगावर काढू नये. लगेच तपासून घ्यावे.
३. हा प्रसंग डॉक्टरांच्या स्वतःच्या घरीही आला. परंतु लक्षण दिसताच वेळ न घालवता तपासणी केल्याने योग्य उपचार सुरू होत आहेत.

म्हणाले, घरचं उदाहरण दिलं की लोक ऐकतात. याने चार बायकांचं भलं होईल. आणि तुलाही बरं वाटेल, तुझी सूचना शेवटी जातेय. मी विचारलं, रांग लागेल त्याचं काय? त्यांनी मॅडमशी बोलून ठेवलं होतं, सगळ्यांना तिकडे पाठवायचं. पुरुषांच्या फोनवर जाईल त्याचं काय, हे मी विचारलं नाही.

मी लाल पेन मागितलं. त्यांना वाटलं, शुद्धलेखन असेल. मी तिसऱ्या ओळीतलं ‘परंतु’पासून पुढचं सगळं खोडलं आणि वर लिहिलं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं.

“हे असं जाणार नाही,” ते म्हणाले.

मग बराच वेळ बोलले. चिडून नाही, समजावून. मला दवाखान्यातला तो आवाज पुन्हा मिळाला. सगळी वस्ती हे वाचते. लोक या दारात येतात ते औषधासाठी कमी आणि भरवशासाठी जास्त. भरवसा हेही औषधच आहे, आणि ते एकदा गेलं की दुसरीकडून आणता येत नाही. उद्या एखादी बाई तापलेलं पोर घेऊन यायच्या आधी दोनदा विचार करेल, आणि त्या पोराचं काही झालं तर ते कुणाच्या डोक्यावर? त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तेच तर टोचत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, यातून तुला काय मिळणार?

“मला नाही,” मी म्हटलं. “जिचा नवरा बघू म्हणालाय, तिला हे वाचायचंय.”

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. तेवढ्यात खालून दार वाजलं. रविवार असला तरी कुणाचं तरी पोर तापलं होतं. ते खाली गेले. मी जिन्यातून ऐकलं, काय झालं आमच्या राजाला, जीभ दाखव बघू, वा.

दवाखान्याचा फोन नेहमीप्रमाणे माझ्याकडेच होता. पान लागणार नव्हतं.

सर्व पेशंटना कळवण्यात येते की,

१. पुढचा आठवडा दवाखाना बंद राहील. डॉक्टरांच्या बायकोचं ऑपरेशन आहे.
२. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागले, अगदी थोडे का असेना, तर अंगावर काढू नये. लगेच बायकांच्या डॉक्टरकडे जावे.
३. डॉक्टरांच्या बायकोने थंडीत डॉक्टरांना सांगितलं होतं. तपासणी उन्हाळ्यात झाली. उशीर झाला आहे. तुम्हाला कुणी ‘बघू’ म्हणालं तर थांबू नका.

खाली ‘आपला, डॉक्टर’ लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. बटण दाबलं आणि परत बॅग भरायला घेतली. टॉवेल, चपला, चष्म्याचं घर.

फोन वाजायला लागला.

हात जोडल्याचं चित्र. हात जोडल्याचं चित्र. काळजी घ्या डॉक्टरीणबाई. अंगठा. पेपरवाल्याने लिहिलं, वेळेत लक्षात आलं हे फार बरं झालं. कुणीतरी, बीपीच्या गोळ्या संपल्यात, गोळीकाका देऊ शकतील का? त्या आजोबांनी, या वेळी तीनही नंबर मिळाले, धन्यवाद. शिंपीणबाईंनी, पुढचा आठवडा म्हणजे सोमवारपासून की मंगळवारपासून? त्याखाली आणखी चारपाच जणांनी तेच विचारलं होतं. सोमवार की मंगळवार. आणि एक नंबर, ज्याला आमच्याकडे नाव नव्हतं: ताई बायकांच्या डॉक्टरचा पत्ता द्याल का? आत्ता नको, फोन यांचा आहे. उद्या दुपारी पाठवा, मी खोडून टाकेन.

शेवटचा मी पुन्हा वाचला. मग बॅगेची चेन ओढली. अर्ध्यावर अडकली.

डॉक्टर वर आले तेव्हा त्यांचा स्वतःचा फोन त्यांच्या हातात होता. यादीत तेही आहेत. ते दारात उभे राहिले. मी थांबले. आता काहीतरी बोलतील, ओरडतील तर ओरडू दे, खिशातलं पान काढून फाडतील तर फाडू दे, असं मनाशी म्हणत मी चेनशी खेळत राहिले. खाली पोर रडत रडत गल्लीतून लांब जात होतं.

“लोक विचारतायत,” ते म्हणाले. “सोमवार की मंगळवार.”

“हो.”

“मग उत्तर दे त्यांना.”

मी दवाखान्याचा फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. “तुम्ही द्या.”

ते बसले. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एका बोटाने लिहायला लागले. सो, मग चुकलं, मग पुन्हा सो. बराच वेळ गेला. एवढा हुशार माणूस, पण टाइप करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. लिहून झाल्यावर फोन वळवून त्यांनी माझ्यासमोर धरला.

“सगळ्यांना एकदम कसं पाठवतात?”

बटण तिथेच होतं, त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला. मी चेन मागे घेतली, कापड सोडवलं आणि पुन्हा पुढे ओढली.

“एकेकाला पाठवा,” मी म्हटलं.